तीन गाड्यांत एक डबा

आमच्या चाळीच्या पटांगणात तीन गाड्या उभ्या असायच्या. तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच राखाडी रंगाच्या आणि एकाच वयाच्या. एक माझी, एक दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची आणि एक तळमजल्यावरच्या काकांची. गाड्या तीन, पण तिघांत मिळून डबा एक.

डबा म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरपर्यंत जायच्या आधी एका लोखंडी डब्यातून जातो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी, बारीक भोकाभोकांची एक वीट असते. धुरात जे काही जहरी असेल ते ती वीट जिरवते. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, गॅरेजवाले नुसतं कॅट म्हणतात, आम्ही डबा म्हणायचो. ही वीट फोडून बाहेर काढली तरी डबा बाहेरून तसाच दिसतो. आत मात्र धुराला रान मोकळं होतं, इंजिनाचा श्वास सुटतो आणि गाडी पळते. निदान चालवणाऱ्याला तरी तसं वाटतं, आणि गाडीच्या बाबतीत वाटणं हेच पुष्कळ असतं.

माझ्या डब्यातली वीट मी काढून घेतली ती आमच्या गणपतीपायी. गावच्या घरातला गणपती आम्हा तीन चुलत घराण्यांत पाळीने येतो. मागच्या पाळीला, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, गाडीत आम्ही सहाजण, टपावर मखर, मांडीवर फराळाचे डबे, आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. पहिल्या गिअरमध्ये ती अशी कण्हायला लागली की आईच म्हणाली, "थांबव रे, मी उतरतंय." माझी आई, सत्तरी ओलांडलेली, घाट चालत चढली. शेजारून चुलतभावाची गाडी गेली. तिच्या मागच्या काचेतून त्याच्या पोरांनी आम्हाला हात केले. ते हात मला आजही दिसतात.

मुंबईत परतल्यावर आठवड्याच्या आत मी माझगावच्या गॅरेजमध्ये होतो. तिथला मेकॅनिक पूर्वी गोदीत वेल्डर होता. डॉक्टरचा डबा त्याने आधीच रिकामा केला होता. माझाही केला. गाडी अशी गुरगुरायला लागली की भोईवाड्याच्या सिग्नलला मी उगाचच रेस करून शेजारच्याकडे बघायचो.

प्रश्न पीयूसीचा. धुराच्या तपासणीला गाडी न्यायची तर रिकामा डबा चालणार नाही, ही आमची पक्की समजूत. तेव्हा पुढे आले काका.

काका म्हणजे आमच्या चाळीचं चारित्र्य. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बारा महिने कानटोपी, गाडीचा काटा तिसावर गेला की घसा खाकरणारे. सिग्नल हिरवा झाला तरी ते आधी खात्री करून घ्यायचे. आमच्या पराक्रमाची बातमी कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांना पटांगणात उभं केलं.

"लाज वाटत नाही?" ते म्हणाले. "हवा कोणाच्या बापाची आहे?"

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "चुकलं, काका. पण पीयूसीचं काय करायचं?"

काकांनी बराच वेळ आकाशाकडे बघितलं. मग एखादी किडनी द्यावी तसे म्हणाले, "माझ्या गाडीचा डबा शाबूत आहे. लागेल तेव्हा घेऊन जा. तपासणी झाली की परत लावून द्यायचा."

आणि तसं सुरू झालं. यात चाळीबाहेरच्या माणसाला काही विचित्र वाटेल, आम्हाला वाटलं नाही. आमच्याकडे पूजेचं मोठं तांब्याचं घंगाळ एक आहे, पुरणयंत्र एक आहे, शिडी एक आहे. ज्याच्याकडे कार्य त्याच्याकडे वस्तू. डबाही त्यातलाच. तपासणी आली की मेकॅनिक यायचा, काकांच्या गाडीखाली सरपटायचा, डबा सोडवायचा, जुन्या चादरीत गुंडाळायचा. काका त्यावर हात ठेवून म्हणायचे, "सांभाळून रे. एकुलता एक आहे." मग तो आमच्या गाडीला लागायचा, गाडी पास व्हायची, डबा सासरहून माहेरी परत.

या त्यागाचं फळ काकांना मिळालं. जांभळाच्या झाडाखालची सावलीतली जागा त्यांच्या गाडीला कायमची दिली गेली. उत्सव मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं. आणि आम्हा दोघांना वर्षातून चार वेळा प्रदूषणावर प्रवचन ऐकावं लागलं, तेही मान खाली घालून, कारण डबा त्यांचा.

आता मुद्द्याचं. यंदा पुन्हा आमची पाळी आली, आणि त्याच पावसाळ्यात माझ्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे नुसती पीयूसी नाही. आरटीओत गाडी नेऊन इन्स्पेक्टरसमोर उभी करायची आणि नोंदणी पुढे वाढवून घ्यायची. ती वाढली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. आणि आईचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बसच्या पायऱ्या तिला बंद, ट्रेनचा दरवाजा बंद. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती एवढीच, की पुढची सीट पूर्ण मागे पाडून, दर तासाला थांबत न्या. गणपतीच्या आठवड्यात भाड्याची गाडी मिळवायला मी तीन ठिकाणी फोन केले. तिघेही हसले.

आई एकदा तांदूळ निवडताना म्हणाली, "पुढल्या पाळीक मी असान की नसान, कोणाक ठावक." आणि खडा बाजूला टाकला. झालं. त्या खड्याचा आवाज मला ऑफिसातही ऐकू यायला लागला.

तपासणीच्या आदल्या सकाळी मेकॅनिक आला, त्याने काकांच्या गाडीचा डबा सोडवला आणि त्याला कुठूनतरी फोन आला. "शेठ, दुपारी येऊन लावतो," म्हणून तो गेला. चादर मिळेना, म्हणून मी डबा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घरात आणला आणि चपलांच्या कपाटाशेजारी ठेवला. आई वॉकर टेकत टेकत आली. तिने लुगडं ओळखलं, बाजूला सारलं आणि कष्टाने वाकून डब्यावर बोटाचं पेर आपटलं. कान जवळ नेला. पुन्हा आपटलं.

"झिला," ती म्हणाली, "ह्यो डबो रिकामो आसा."

"आई, तो फणस नाही."

"पणस नाय म्हणान काय झाला? वाजता तो पोकळ."

गावाला आईने आयुष्यभर फणस वाजवून उतरवले. कुठला पिकला, कुठला अजून आठवडा घेईल, हे ती झाडाखालून सांगायची. पण यंत्राच्या बाबतीत आपण आईचं ऐकत नाही. मी हसलो, लुगडं नीट केलं. हसताना मनात एक बारीकशी कळ आली, ती मी चहाबरोबर गिळली.

कळ येण्याचं कारण वेगळंच होतं. महिन्याभरापूर्वीच्या एका रविवारी सकाळी मी ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरला निघालो होतो. रस्ता रिकामा, काटा ऐंशीवर, मी खुशीत. एवढ्यात मागून डरकाळी आली आणि माझ्याच मॉडेलची, त्याच राखाडी रंगाची एक गाडी मला उजवीकडून कापून पुढे गेली. आत एकच माणूस. डोक्यावर कानटोपी.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काका? अहो, काका पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत रविवार संपतो." मलाही पटलं. मुंबईत कानटोप्या काय कमी आहेत?

तर त्या दुपारी मेकॅनिकने डबा माझ्या गाडीला लावला आणि दुसऱ्या दिवशी मी आरटीओच्या रांगेत लागलो. मी गाडी धुऊन, बोनेटवर हळदकुंकू लावून नेली होती. इन्स्पेक्टर बाई होत्या. तिशीतल्या, पायात स्पोर्ट्स शूज, हातात एक साधा पाना. हॉर्न, लाइट, ब्रेक, चॅसी नंबर, सगळं झालं. मग त्या अचानक उकिडव्या बसल्या, वाकल्या आणि पान्याने खालून डबा वाजवला.

ठण्ण.

काय सांगू तुम्हाला तो आवाज! देवळातली घंटा वाजावी तसा. रांगेतले दोघे वळून बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर आई, लुगडं आणि तिचं ते वाकडं बोट.

"आत काहीच नाही," बाई उठत म्हणाल्या.

"असं कसं होईल, मॅडम?"

"तुम्हीच सांगा."

मी इतका गडबडलो की तोंडातून खरं निघून गेलं. "पण तो माझा नाहीये."

"काय माझा नाहीये? गाडी तुमची ना?"

"गाडी माझी, मॅडम. डबा शेजाऱ्यांचा."

बाईंनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. बहुतेक त्यांच्या नोकरीत हे वाक्य पहिल्यांदाच आलं असावं. "मग शेजाऱ्यांना परत द्या," त्या म्हणाल्या. "स्वतःचा लावा आणि शुक्रवारी या. नोंदणी रविवारी संपतेय तुमची. आणि एक सांगा, घरचे कोण बसतात या गाडीत?"

"आई," मी म्हणालो.

"डोळे चुरचुरतात का त्यांचे?"

तीन वर्षं आई गाडीतून उतरली की पदराने डोळे पुसायची. मी म्हणायचो, वय झालं. एकदा तर तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेऊन आलो होतो. त्याच गाडीतून.

परत येताना दादरच्या पुलाखाली गाडी अडकली आणि तिथे माझ्या मनात संशयाने ठाण मांडलं. शाबूत डबा रिकामा झाला, म्हणजे कोणीतरी केला. आतल्या विटेत मौल्यवान धातू असतो, भंगारवाले ती हातोहात घेतात, हे मला ठाऊक होतं. पहिला आरोपी अर्थातच मेकॅनिक. काढतो तो, लावतो तो. मी गाडी थेट माझगावला वळवली.

तो एका टॅक्सीखाली होता. फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच विचारलं, "काकांच्या डब्यातली वीट कुठेय?"

पाय हलायचे थांबले. मग अख्खा मेकॅनिक बाहेर आला.

"कुठली वीट, शेठ?"

"नाटक नको. डबा रिकामा निघाला."

"रिकामाच आहे की तो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"आणि तू मला आज सांगतोयस?"

"तुम्ही आज विचारताय," तो कपड्याने हात पुसत म्हणाला. "मी पहिल्यांदा काढला तेव्हाच आरपार दिसलं. मला वाटलं तुम्हा तिघांना माहितीच असेल."

"माहीत असतं तर रिकामा डबा काढून रिकामा डबा कशाला लावला असता, अरे?"

"तेच तर मला कळेना! पण ते काका डब्यावर हात ठेवून कायतरी बोलायचे, तुम्ही दोघं मान खाली घालून उभे राहायचे. मी म्हटलं, तुमच्यात असं काहीतरी करत असतील. धरमकी बात है, आपण कशाला बोला?"

मी त्याच्या स्टुलावर बसलो. तीन वर्षं आम्ही एक रिकामा डबा दुसऱ्या रिकाम्या डब्याच्या जागी बसवत होतो, आणि हा माणूस ते व्रत समजून पार पाडत होता.

"मग पीयूसी पास कशी व्हायची?"

"मी प्लग साफ करून, इंजिन मस्त तापवून पाठवायचो. उभ्या गाडीवर तेवढ्यावर निभावायचं. डब्याचा काय संबंध?"

तो खरं बोलत होता, तरी मी त्याला पूर्ण सोडला नाही. संध्याकाळी पटांगणात डॉक्टरला गाठलं. बातमी सांगितली, तर तो माझ्याकडेच असा बघायला लागला, जणू माझी दाढ किडलीय.

"डबा काल तुझ्या घरात होता ना?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. होता एवढंच म्हणतोय. अख्खी दुपार."

"मेकॅनिक सांगतोय पहिल्या दिवसापासून रिकामा आहे!"

"तूच मेकॅनिककडून आलास ना आत्ता?"

दातांच्या डॉक्टरशी वाद घालू नये. त्याला समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची सवय असते. मी त्याला तिथेच सोडला आणि काकांच्या दारावर टकटक केली.

काका पेपर वाचत होते. घरातही कानटोपी. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा घातली, ती बारीक होत होत पाकिटाएवढी झाली.

"मेकॅनिकनेच काढली असणार," ते म्हणाले. "या लोकांवर विश्वास ठेवू नये हे मी आधीपासून..."

"काका," मी म्हटलं, "महिन्याभरापूर्वी, रविवारी सकाळी, फ्रीवेवर मला एक गाडी कापून गेली. राखाडी. आत कानटोपी."

बाहेर कोणीतरी बादली आपटली.

"मी ऐंशीला होतो," मी म्हटलं.

काकांचे डोळे हळूच वर आले. त्यांत अशी चमक होती जी मी मंडळाच्या आरतीतही कधी पाहिली नव्हती.

"ऐंशीला?" ते कुजबुजले. "तू ऐंशीला होतास?"

एवढाच त्यांचा कबुलीजबाब. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "फक्त रविवारी. आणि फक्त फ्रीवेवर. तुझी काकू असती तर हिंमत झाली नसती." मग दार लोटता लोटता, "मंडळात बोलू नकोस."

मी बोललो नाही. मी कसला बोलणार? माझ्या आईच्या डोळ्यांत मी स्वतः तीन वर्षं जो धूर भरला, तो काकांनी थोडाच भरला होता? माझा डबा मीच फोडून घेतला होता, हसत हसत, सिग्नलला रेस करायला.

दुसऱ्याच दिवशी ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडून नवा डबा आणला. दुकानातच काउंटरवर ठेवून बोटाचं पेर आपटलं. ढप. दुकानदार म्हणाला, "साहेब, कलिंगड घेताय का?" मेकॅनिकने तो लावला. लावण्याआधी मला आत बघायला लावलं, भोकं न् भोकं दाखवली, आणि गंभीरपणे विचारलं, "हात ठेवून काही बोलायचंय का?"

शुक्रवारी बाईंनी पुन्हा पाना काढला. ढप. त्यांनी सही केली.

गाडी पूर्वीसारखीच मठ्ठ झाली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर तिने पुन्हा कण्हायला सुरुवात केली, पण यंदा आईला उतरवायचा प्रश्नच नव्हता. उतरली ती इतर मंडळी. मी स्टिअरिंगवर आणि आई पाडलेल्या सीटवर राणीसारखी, बाकी बायको, मुलगी आणि मखर उचललेला मेहुणा घाट चालत चढले. शेजारून चुलतभावाची गाडी गेली. पोरांनी हात केले. आता ती पोरं चांगलीच मोठी झाली आहेत, पण हात तसेच. आईने पडल्यापडल्या त्यांना उलटा हात केला.

गावच्या अंगणात गाडी थांबली. आईला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. ती पडवीच्या खांबाला टेकली, घराकडे, तुळशीकडे, परड्यातल्या फणसाकडे बघून घेतलं. सवयीने पदर डोळ्यांकडे नेला, आणि मध्येच थांबवला.

"ह्या खेपेक डोळे नाय चुरचुरले रे," ती म्हणाली. थोड्या वेळाने गणपती पाटावर आला तेव्हा मात्र पदर पुन्हा वर गेला. तो धूर गाडीचा नव्हता.

गोष्ट इथे संपली असती. पण मुंबईला परत आलो, पटांगणात गाडी वळवली आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. जांभळाखालची जागा रिकामी. नुसती रिकामी नाही, झाडून, पाणी मारून. काकांची गाडी भिंतीकडेला उन्हात, डॉक्टरची तिच्या शेजारी. दोघेही हसत पुढे आले.

"ये, ये," काका म्हणाले. "सावलीत लाव. तुझी गाडी आता... जपायला हवी."

"आईंची तब्येत कशी?" डॉक्टर म्हणाला. तीन वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं. "आणि हो, तुझा तो नवा डबा... बोल्ट तेच आहेत ना? आपल्या सगळ्यांना बसेल असे?"

मी तोंडभरून हसलो आणि गाडी सावलीत लावली. त्या दोघांच्याही गाड्यांची पंधरा वर्षं येत्या मार्चमध्ये भरतात.

तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी गाडीमागे जातो, इकडेतिकडे बघतो, वाकतो आणि बोटाच्या पेराने डबा वाजवतो. ढप आलं की गुडघे झटकून उठतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आई वॉकरला टेकून उभी असते. ती कधीच चुकत नाही. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते:

"पिकलो काय रे, झिला?"